लहानपणीची उपासमार पन्नास वर्षांनी शरीरावर दिसू शकते का?

प्रश्न : सिन्नरची सून, इंदिरानगर

माझ्या सासूबाई मूळच्या सिन्नर तालुक्यातल्या. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि मुले तिथे मिळणाऱ्या सुकडीवर (पिठाच्या पूरक आहारावर) आणि रेशनच्या लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीवर दिवस काढत. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्याविषयी त्या कधीच बोलत नाहीत.

आज घरात कशाची कमतरता नाही. तरीही पोळ्यांचा डबा रिकामा दिसला की त्या अस्वस्थ होतात, उरलेले शिळे टाकू न देता स्वतः संपवतात, आणि आमची पहिली पोळी संपण्याआधी त्यांचे ताट रिकामे झालेले असते. यजमानांच्या अंबडच्या कारखान्यात कामगारकपातीची चर्चा सुरू झाल्यापासून त्या रात्री उठून गूळ-शेंगदाणे, शेव, जे हाताला लागेल ते खातात. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. छातीत जळजळ होणे आणि पोट गच्च होणे रोजचेच झाले आहे, पण दुर्बिणीच्या तपासणीत काही निघाले नाही. यजमान काळजीपोटी ताटावरच टोकतात, आणि मग त्या दिवसा कमी व रात्री जास्त खातात. इतक्या जुन्या उपासमारीचा आणि दुःखाचा आजच्या शरीराशी खरोखर संबंध असतो का, की आम्ही तो उगाच जोडतो आहोत?

उत्तर १ : निवृत्त फॅमिली डॉक्टर, पंचवटी

संबंध असू शकतो. काळजी वाटू लागली की मेंदूच्या आदेशाने अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात. पळता किंवा लढता यावे म्हणून यकृत साखर सोडते, पचनसंस्थेकडचा रक्तपुरवठा घटतो आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. थोड्या वेळाच्या धोक्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, पण नोकरी जाण्याची भीती महिनोन्महिने टिकते, आणि तेवढ्यानेही मधुमेह्याची साखर चढू शकते. शिवाय पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि ते मेंदूशी दोन्ही दिशांनी बोलत असते. म्हणूनच दुर्बिणीतून निरोगी दिसणारे जठरही खरोखर दुखते. अशा दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

मात्र सगळेच दुष्काळाच्या खात्यावर टाकू नका. गोळी घेऊन दिवसा कमी जेवल्यास रात्री साखर उतरू शकते आणि त्या भुकेने जाग येऊ शकते. त्या वेळी घाम, थरथर, धडधड होते का ते विचारा, ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि ते आकडे त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा कमी करू नका. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत जळजळत असेल तर ती पित्ताची समजून न थांबता हृदयाची तपासणी आधी करून घ्या; मधुमेही स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे बऱ्याचदा अशीच फसवी असतात.

उत्तर २ : समुपदेशक, गंगापूर रोड

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला जोडून सांगते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांच्या मनात सतत अन्नाचेच विचार घोळत राहिले, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही त्यांच्यापैकी काहींची भूक बराच काळ भागत नव्हती. ही प्रौढ माणसांची, मुदत ठाऊक असलेली उपासमार होती. आठ वर्षांच्या मुलीला दुष्काळ कधी संपणार हे ठाऊक नव्हते, आणि तिच्या घरातून एक मूलही गेले होते.

बालपणीचे आघात आणि पुढील आजार यांचा संबंध डॉ. फेलिट्टी आणि डॉ. अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात आठ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीतून समोर आला. फेलिट्टी या प्रश्नाकडे वळले तेच मुळी लठ्ठपणाच्या दवाखान्यातून, कारण वजन उत्तम रीतीने उतरत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जात होते, आणि चौकशी केल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या बालपणी अत्याचार घडल्याचे कळले. त्या माणसांसाठी खाणे हा जुन्या वेदनेवरचा उपाय होता. अर्थात असे अभ्यास समूहाविषयी सांगतात. एका व्यक्तीचा मधुमेह नेमका कशाने झाला हे त्यांवरून ठरवता येत नाही.

सासूबाई एकादशी किंवा चतुर्थीचा उपास करतात का, आणि त्या दिवशी त्यांना अशीच अस्वस्थता येते का?

सिन्नरची सून

दोन्ही उपास करतात आणि त्या दिवशी अगदी शांत असतात. ही गोष्ट आमच्या कधी लक्षातच आली नव्हती.

उत्तर २ : समुपदेशक, गंगापूर रोड

मग त्यांना पोट रिकामे राहण्याचे भय नसून अन्न आपल्या हाती न राहण्याचे भय असावे, असा माझा अंदाज आहे. स्वतःहून धरलेला उपास सोडता येतो, दुष्काळ सोडता येत नाही. ताटावर टोकणे म्हणजे पुन्हा कोणीतरी अन्नावर ताबा घेणे, आणि रात्रीचे खाणे बहुधा त्यातूनच वाढले आहे. यजमानांनी टोकणे पूर्ण थांबवावे. (मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपास करायचे की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारा.)

उत्तर ३ : आहारतज्ज्ञ, महात्मानगर

डब्यात दोन पोळ्या मुद्दाम राहू द्या आणि त्या डब्यात आहेत हे रात्री त्यांना सांगा. शिळी पोळी सकाळी फोडणीची करून सर्वांनी मिळून खाल्ली तर एकट्या त्यांनाच ती संपवावी लागणार नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, कारण पुढचे जेवण कधी हे पक्के ठाऊक असले की घाई कमी होते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात, म्हणून ‘सावकाश जेवा’ असे सांगण्याऐवजी त्यांच्यासोबत बसून गप्पा मारत जेवा. किती भाजी करायची, काय भिजत घालायचे, हे निर्णय त्यांच्याकडेच असू द्या.

एका गोष्टीत मात्र घाई करू नका. भावाविषयी बोलते करण्याचा आग्रह नको. त्यांनी आपणहून विषय काढला तर मध्ये न बोलता ऐकावे. झोप उडाली, उदासी वाढली किंवा त्यांना स्वतःला बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. फोन कोणी करायचा हेही त्यांनाच ठरवू द्या.