नळीतलं तांबं आणि चतुर्थीची चिंच

रेंजवाला, फोंडा: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे रायफलच्या नळीत तांबं चिकटलं की चिंचेचा कोळ नि मीठ लावून रात्रभर ठेवा, 'चतुर्थीला भाण, म्हणजे तांब्याचं भांडं, घासतो तसं'. अहो दीडशहाणे, भाण घासल्यावर भाण विरघळतं का? चिंच तांब्यावरचा काळपटपणा काढते. तांबं जागच्या जागी राहतं, वर लखलखतं. आणि मीठ पोलादाचं काय करतं हे गोव्यात सांगावं लागावं? तांब्याला अमोनियाच हवा. स्वीट्स ७.६२ हे अमोनियाचं सॉल्व्हंट लावा, १५ मिनिटांच्या आत पुसा, चिंधी निळी येईल, ते विरघळलेलं तांबं. तीन-चार वेळा करा, वर तेल. संपलं.

सत्तरीकार: दीडशहाणा मीच. आजोबांची बारा बोर ४० वर्षं चिंचेवर आहे. आरसा आहे आरसा.

रेंजवाला, फोंडा: बारा बोर!! छर्र्याच्या बंदुकीत तांबं येणार कुठून? तिथे शिसं नि प्लास्टिक. रायफलच्या गोळीला कवच असतं, साधारण ९५ टक्के तांबं, बाकी जस्त. ते नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, घासून बसतं. जो आजार घरात नाही त्याचं औषध गावाला वाटताय.

माजी सुभेदार: आम्ही थ्री-नॉट-थ्रीत उकळतं पाणी ओतायचो, मग पुलथ्रूची दोरी, चिंदी, तेल. ही निळी-हिरवी थेरं नव्हती. निशाणं लागत होती.

काणकोणची नेमबाज: सुभेदारकाका, राग मानू नका, पण ते पाणी जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार धुवायला होतं, नाहीतर नळी गंजायची. तांब्याला पाण्याने काही होत नाही. आणि रेंजवाले, तुमचं 'संपलं' पण खरं नव्हे. माझ्या .३१५ रायफलने मला दोन आठवडे रडवलं. थर एकावर एक असतात. काजळी, तांबं, परत काजळी. वरची काजळी निघाल्याशिवाय अमोनिया खाली पोचतच नाही. आधी काजळीचं सॉल्व्हंट नि ब्रश, मग अमोनिया, परत पहिल्यापासून. नुसता अमोनिया ओतून वाट बघणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सत्तरीकार: तांबं गेलं खड्ड्यात. २०२४ ला १६ मार्चला निवडणुकीची आचारसंहिता लागली, काजू ऐन भरात, आणि बंदूक ठाण्यात जमा. निकाल ४ जूनला. हातात आली तोवर पाऊस, नि नळीत लालभडक गंज. रानडुकरांना आचारसंहिता कोण वाचून दाखवणार?

माजी सुभेदार: तेल भरून, कपड्यात गुंडाळून द्यायची. जमा करताना नळीचा फोटो काढायचा. हत्यार ज्याचं, काळजी त्याची.

रेंजवाला, फोंडा: सवलतीसाठी अर्ज करता येतो, छाननी समिती असते.

सत्तरीकार: केला होता. उत्तर अजून वाटेत आहे. तुम्ही फोंड्यात बसून पुठ्ठ्यावर गोळ्या झाडा. इथे गवा बागायतीत उभा असतो, हवेत बार काढला तरी शेपटी हलवत बघतो. आमच्या वेदना तुमच्या आट्यांत मावत नाहीत.

माजी सुभेदार: हे मात्र खरं. माझ्या भावाची केळी दोनदा आडवी झाली.

रेंजवाला, फोंडा: धागा तांब्याचा आहे! कुणाला कळतंय का? बरं, नेमबाजबाई, तुमची काजळीची पद्धत आठवडाभर केली. आधी काजळी, मग अमोनिया, सगळं शिस्तीत. चिंधी अजून निळीच. आता काय म्हणता?

काणकोणची नेमबाज: जॅग, म्हणजे रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा, कसला वापरता?

रेंजवाला, फोंडा: पितळी. चांगला महागातला. का?

काणकोणची नेमबाज: पितळेत तांबंच असतं. अमोनिया तुमचा जॅग खातोय. नळी केव्हाच साफ झाली असेल. प्लास्टिकचा लावून बघा. आणि रॉड चेंबरकडून, म्हणजे मागून, घालता ना? तोंडाकडून घालून क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, घासला असेल तर तांब्याची काळजी सोडाच.

रेंजवाला, फोंडा: चेंबरकडूनच घालतो, तेवढं कळतं. प्लास्टिकचा लावला. दुसऱ्या फेरीत चिंधी पांढरी. घ्या, झाली तुमची जीत, पेढे वाटा.

सत्तरीकार: म्हणजे पात्राव, इतके दिवस तुम्ही जॅग घासत होता? मग चिंच घ्या की. पितळेला एक नंबर.