मदत हवी आहे: पद्मिनीचं इंजिनकाम करू की दुसरं इंजिन बसवू?

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. सकाळी चालू केली की निळा धूर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल सहज पिते. चढावर तर दुसऱ्या गिअरमध्येच रडते. परवा मेकॅनिककाकांनी प्लग काढून हातावर ठेवले, तीन कोरडे आणि तिसऱ्या सिलेंडरचा ऑइलने काळा चिकट.

त्यांचं म्हणणं, इंजिन उतरवून रिबोअर (झिजलेले सिलेंडर आतून कापून थोडे मोठे करणं), नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग आणि हेडचं काम करू. पण बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, आधीच एकदा वाढवलाय. पुन्हा वाढवायला जागा नसेल तर स्लीव्ह (सिलेंडरच्या आत बसवायच्या नव्या नळ्या) टाकावे लागतील, म्हणजे खर्च वाढणार. माझं बजेट साठ हजार, ओढूनताणून सत्तर.

दुसरा पर्याय, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून पद्मिनीचंच जुनं इंजिन. स्वस्त पडेल, पण आतून कसं निघेल कोण सांगणार? शिवाय आरसीवर इंजिन नंबर बदलायला आरटीओच्या खेपा. (मारुतीचं इंजिन बसव म्हणणाऱ्यांनो, बाबा घरात घेणार नाहीत!)

स्लीव्ह टाकून कोणी गाडी चालवलीये का? किती टिकलं? आणि जुनं इंजिन घेताना कॉम्प्रेशनशिवाय (सिलेंडरमधल्या दाबाशिवाय) काय तपासायचं?