मदत हवी आहे: पळणं सुटलं, आता मी कोण?

सर्वांना जय ख्रिस्त. अकरा वर्षं ४०० मीटर पळलो. गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्पर्धेचं नाव काढू नका. स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) अजून दाराशीच आहेत, तळव्याला वाळलेली माती तशीच. "सध्या काय करता?" असं कुणी विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

बाप्तिस्मा लहानपणीच झाला, पण विश्वास खरा धरला तो या दुखण्यात. ख्रिस्तात असलेला माणूस म्हणजे नवी उत्पत्ती (बायबल, २ करिंथ ५:१७), हे पाठ आहे. अंगात उतरत नाही. अजून पहाटे पाचला जाग येते आणि डोकं प्रार्थनेचीही मिनिटं मोजतं. (हसू नका.)

प्रेषित पौलाने पत्रात शर्यतीचा दाखला दिला तो करिंथकरांना, ज्यांच्या शहराजवळच इस्थमियन खेळ (प्राचीन ग्रीक क्रीडास्पर्धा) भरायचे. खेळाडूंचा नाशवंत मुगुट आणि विश्वासणाऱ्यांचा अविनाशी मुगुट, हा फरक कळतो. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलही आठवतो: १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरी रविवारी, देवाच्या दिवशी, म्हणून १०० मीटर सोडली, ४०० मध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण, आणि पुढच्याच वर्षी मिशनरी म्हणून चीनला. पण त्याने ट्रॅक स्वतःहून सोडला, माझ्याकडून हिसकावला गेला. इथेच माझं गाडं अडतं.

खेळ सुटल्यावर यातून कुणी गेलंय का? शिस्त ठेवून "कामगिरी म्हणजेच मी" ही सवय नेमकी कशी मोडलीत? पाळक म्हणतात धीर धरा. मुलांना पळायला शिकवायचं बोलावणं आलंय. आत्ताच जाऊ की थांबू?