प्रतिसाद: ट्रिम जमली, पण जाइब कुठल्या बाजूला?

शिडांची ट्रिम (वाऱ्यानुसार शिडं ताणणं-सैल सोडणं) चोख जमली की परफॉर्मन्स यॉटवर, म्हणजे वेगासाठी बांधलेल्या हलक्या शिडाच्या बोटीवर, स्किपर (कप्तान) होणं आपोआप येतं, असं स्किपर-कोर्सबद्दलच्या एका पोस्टमध्ये लिहिलंय. ट्रिमचं महत्त्व मान्य, पण पुढचं पटत नाही. हिवाळ्यात मुंबईहून मालवण-गोव्याकडे उतरताना दुपारनंतर वायव्येचे खारे वारे पाठीवर मिळतात. अशी हलकी बोट वारा थेट पाठीवर घेऊन नेली तर रेंगाळते. असिमेट्रिक स्पिनेकर (पुढे लावायचं मोठं, फुगणारं शीड) लावून तिरकी हाकायची, जाइब करत, म्हणजे मागचा वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेत, नागमोडी जायचं. म्हणजे दर जाइबला स्किपरला ठरवावं लागतं, बाहेर जायचं की किनाऱ्याकडे?

रात्री खारा वारा पडला की मतलई (जमिनीवरून येणारा वारा) आधी किनाऱ्यालगत सुटतो. तोवर आत सरकलेली बोट चालत राहते, बाहेर राहिलेली बोट मात्र शिडं फडफडवत बसते. पण आतल्या अंगाला मासेमारीची जाळी असतात आणि प्रत्येक बोयाला दिवा असेलच असं नाही. खोल कील (बोटीच्या तळाचा वजनदार पंखा) किंवा रडरला (सुकाणूला) जाळ्याचा दोर अडकलाच तर आधी स्पिनेकर उतरवा, मग बोटीचं नाक वाऱ्यात आणून तिला मागे सरकू द्या. इंजिन मात्र सुरू करू नका, दोर प्रॉपेलरला गुंडाळला की सगळंच अडतं. जाळं कापणं अगदी शेवटी. ते कुणाचं तरी पोट आहे. कोर्स निवडताना रात्रीचा पल्ला आहे का आणि जाइब कधी घ्यायचा हे शिकणाऱ्याला ठरवू देतात का, एवढं जरूर विचारा.