मदत हवी आहे: जात्याला टाकी (छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा) कोण लावून देईल?

आजीचं दगडी जातं गेल्या महिन्यात गावाहून पुण्याला आणलं. लेक दीड वर्षाची आहे, तिच्यासाठी नाचणी घरीच दळायची इच्छा आहे. पण दोन वेळा दळली आणि दोन्ही वेळा नुसती भरड पडली. काही दाणे तर अख्खेच बाहेर आले.

वरची तळी उचलून पाहिली. मध्ये, घास टाकतो त्या भोकाच्या आसपास, जुन्या खाचा अजून बोटाला लागतात. कडेचा चार बोटं रुंद पट्टा मात्र घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की त्यात ट्यूबलाइट दिसते.

लहानपणी "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत बायका दारावर यायच्या. आता कुणी भेटत नाही. एक फरशीवाले ग्राइंडर फिरवून देतो म्हणाले, पण मन होत नाही. आजीच्या हातची वस्तू आहे, बिघडवायची नाही. पुण्यात कुणी टाकी लावणारे माहीत आहेत का? घरी करता येईल का? आणि नंतर पिठात कचकच येईल का?

प्रतिसाद:
ग्राइंडर नकोच. चकतीने दगड आणखी सपाट होईल, तुम्हाला हवा आहे खरखरीतपणा. गावाकडचा पाथरवट मिळाला तर उत्तम. घरी करायचं तर कार्बाइडच्या टोकाची छिन्नी घ्या, साधी काळ्या दगडावर लगेच बोथट होते. आधी खालच्या तळीला ओला गेरू लावा, वरची ठेवून हलकेच एक फेरा द्या. गेरू पुसला जाईल तिथे उंचवटा. छिन्नीचे टिचे हलके आणि एकमेकांच्या जवळ मारा. दगड ओला ठेवा, चष्मा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. लेकीला त्या खोलीत येऊ देऊ नका. मग ब्रशने धुऊन, वाळवून जाडे तांदूळ दळा आणि फेका. फेकण्याआधी त्या पिठाची चिमूट दाताखाली धरून पाहा. कचकच पूर्ण थांबेपर्यंत तिच्यासाठी दळू नका.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार! गेरू लावून पाहिला. एकाच बाजूचा पुसला गेला, समोरचा अर्धा तसाच ओला. झीज एकसारखी नाही, की मधली खुंटी कललीय?

प्रतिसाद:
आधी खुंटी बघा. हलत असेल तर ती बसवल्याशिवाय छिन्नी हातात घेऊ नका.