मदत हवी आहे: कृषी सेवा केंद्राच्या हिशेबासाठी डेटाबेसची रचना

नमस्कार मंडळी,

मामांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, भागीदारीतलं. बिलापासून ताळेबंदापर्यंत सगळं एकाच ठिकाणी व्हावं म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर मांडणी करतोय. सध्या खाती, व्हाउचर (एका व्यवहाराची नोंद), व्हाउचरच्या ओळी, बिलं आणि माल अशी टेबलं आहेत. खात्याची शिल्लक कुठेच साठवलेली नाही, ती दर वेळी ओळींवरून काढतो. रकमेला न्यूमेरिक (१४,२) घेतलंय, म्हणजे एकूण १४ अंक, त्यातले दोन दशांशाचे. फ्लोट (अंदाजे दशांश) घेतला की पैशांचा फरक येतो.

मुख्य अडचण नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) जुळवण्याची आहे. समजा १,३३३ रुपयांचा माल उधारीवर गेला, जीएसटी ५ टक्के. त्यातला निम्मा, केंद्राचा सीजीएसटी ३३.३२५, म्हणजे ३३.३३, राज्याचा एसजीएसटीही तेवढाच. बिल होतं १,३९९.६६ आणि आपण लावतो १,४००. मग ग्राहक नावे १,४००. विक्री जमा १,३३३, दोन्ही कर जमा ३३.३३ प्रमाणे आणि राउंड ऑफ जमा ०.३४. एका व्हाउचरच्या पाच ओळी. त्या जुळल्याच पाहिजेत ही अट मला डेटाबेसकडूनच पाळून घ्यायची आहे, कारण उद्या कोणी थेट टेबलात ओळ घातली तर तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा तक्ता) बिघडेल आणि चूक शोधता शोधता मार्च उजाडेल. पण चेक कन्स्ट्रेंट (टेबलावर घातलेली अट) एका ओळीपुरताच बघतो. काय करावं?

दुसरं, वसुली. शेतकरी सोयाबीनचे पैसे आले की २०,००० एकदम आणून देतात. त्यांची बिलं ८,४५०, ६,२०० आणि ९,७५० ची. पहिली दोन फिटली, तिसऱ्यात ५,३५० गेले, ४,४०० राहिले. बिलाच्या टेबलात ‘पावती क्रमांक’ असा कॉलम ठेवला तर हे बसत नाही.

शिवाय, ठिबकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. दर मालाच्या टेबलात बदलला तर जुनी बिलं उघडताना चुकीचा कर दिसेल ना?

प्रतिसाद १
बेरजेसाठी कन्स्ट्रेंट ट्रिगर (आपोआप चालणारी तपासणी) लावा, डिफरेबल इनिशियली डिफर्ड, म्हणजे शेवटपर्यंत पुढे ढकललेला. तो कमिटच्या (व्यवहार पक्का करण्याच्या) वेळी चालतो, म्हणजे पाचही ओळी पडल्यावर बेरीज तपासली जाते आणि जुळली नाही तर अख्खा व्यवहार मागे फिरतो. ओळ घालणं, बदलणं, पुसणं, तिन्हीवर लावा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही सोय नाही, तुम्ही निवड योग्य केलीत.

वसुलीसाठी मधलं टेबल हवंच: पावती, बिल, लावलेली रक्कम. तुमच्या उदाहरणात त्यात तीन ओळी पडतील. आगाऊ पैसे आले तर पावती असेल आणि ओळ नसेल, इतकंच.

दरांचं वेगळं टेबल करा, ‘लागू दिनांक’ घालून. आणि बिल करताना लागलेला दर व कराची रक्कम बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवा. नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवणं) शिकलेल्यांना ही पुनरुक्ती खटकते, पण बिल हा त्या दिवशीचा दस्तऐवज आहे, तो नंतर बदलता कामा नये.

प्रतिसाद २
मी सीए फर्ममध्ये आहे, म्हणून आग्रहाने सांगतो: पक्क्या झालेल्या व्हाउचरवर अपडेट आणि डिलीटचा हक्कच देऊ नका. चूक सुधारायची ती उलटी नोंद करून, मूळ व्हाउचरचा क्रमांक जोडून. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. भागीदारीला तो नियम नाही, तरी तपासणीला बसल्यावर तीच नोंद कामी येते.

बिल क्रमांकही बघा: कमाल १६ अक्षरं आणि आर्थिक वर्षात एकमेव. म्हणून युनिक (दुबार नको ही) अट ‘आर्थिक वर्ष + क्रमांक’ यावर लावा. पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सवर (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, व्यवहार रद्द झाला की त्यात क्रमांक गळतो आणि सलग मालिका तुटते.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. क्रमांक गळण्याचं डोक्यातच नव्हतं. मग क्रमांकासाठी वर्षनिहाय एक ओळ ठेवून ती ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने लॉक केली तर चालेल का? काउंटरवर दोन संगणक आहेत, खरीप हंगामात दोन्हीवर एकदम बिलं होतात.

प्रतिसाद १
चालेल. फक्त लॉक व्यवहाराच्या अगदी शेवटी घ्या, म्हणजे दुसऱ्या काउंटरला फार थांबावं लागणार नाही.