फ्लॉप्यांचा डबा: जपायचा की भंगारात?

रामबागी
इंदूरच्या मराठी घरांत, मंडळांत दिवाळीची साफसफाई निघाली की तोच डबा हाती येतो. साडेतीन इंची फ्लॉप्या, पेजमेकरच्या (अंकाची पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) सीड्या, मुखपृष्ठांची एखादी झिप डिस्क (जास्त मावणारी जाडसर फ्लॉपीच). माझं मत: मजकुराबरोबर यंत्रही जपा. विंडोज ९८ आणि पेजमेकर ६.५ असलेलं एक जुनं पेन्टियम कॉम्प्युटर चालू ठेवा. जुनी फाइल स्वतःच्या घरातच नीट उघडते. आणि तो फ्लॉपीचा खडखडाट! त्याची किंमत भंगारवाल्याला कळणार नाही.

जेलरोड_जुगाडू
खडखडाट रेकॉर्ड करून ठेवा भिया, यंत्र सोडा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (बटणासारखी बॅटरी) संपला की तारीख आणि ड्राइव्हची नोंद पुसली जाते. ते एक वेळ चालेल. त्याहून जुन्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती पाझरली की तांब्याच्या रेघाच खाते. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगतात ते निराळंच.

फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा नि ती ८६बॉक्समध्ये (जुन्या पीसीचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) चालवा. पण आधी फ्लॉपीचं शटर सरकवा, मागची चकती बोटाने फिरवा, उजेडात बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणाऱ्या हेडला मळ चिकटतो, लेप खरवडला जातो आणि पुढची धडधाकट फ्लॉपीही त्याच मळाने जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे ठरलेलंच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धागे न सुटणारं कापड भिजवून पुसा, पूर्ण वाळू द्या. (शेवेचे हात आधी धुवा.)

साडेतीन इंचीत कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीत उलट, खाच झाकावी लागते. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचायच्या प्रोग्रॅमची पहिली फेरी अवघड जागा सोडून करा, मग फक्त राहिलेल्या जागांसाठी तीन प्रयत्न. १.४४ एमबी फ्लॉपीची पूर्ण इमेज १४,७४,५६० बाइट भरते: ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट.

रामबागी
आणि हे कुठल्या ड्राइव्हवर? यूएसबीवाला ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची घेतो. शिवाय मूळ ड्राइव्हचं हेड जरा सरकलेलं असेल तर त्यावर लिहिलेली फ्लॉपी दुसरीकडे वाचलीच जात नाही. सोनीने फ्लॉप्या विकणं २०११मध्ये थांबवलं. जुना ड्राइव्ह भंगारात दिल्यावर तो पुन्हा कुठे शोधायचा?

वेलांटी_पहिली
दोघेही डब्यावरच अडलात. इमेज निघाली तरी आतलं मराठी वाचता यायला हवं ना! पेजमेकरच्या फायली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडतात. आणि त्या काळचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले देवनागरी तुकडे. फॉन्ट नसेल तर अख्खा अग्रलेख हॅश नि डॉलरचा.

युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नेताना खरी गंमत. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टात वेलांटी आधी, क नंतर; युनिकोडमध्ये उलट. रफारही असाच मागचा पुढे न्यावा लागतो. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरलात, आणि इंदुरात हाताशी तोच येतो, तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. रकानेच्या रकाने हाताने तपासावे लागतात.

म्हणून विंडोज ९८ हवंच, पण ८६बॉक्समधलं. त्यात पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर बसवा, पोर्ट 'फाइल' निवडा, प्रिंट द्या. ती फाइल घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ करा. पान जसंच्या तसं मिळतं. शब्द शोधता येणार नाही, पण छापील अंकाशी ताडून बघता येतं.

जेलरोड_जुगाडू
हे मान्य. ड्राइव्हही ठेवा, पण सुटा. ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. एका टोकाला फ्लॉपी ड्राइव्हची ३४ पिनांची पट्टी (केबल), दुसऱ्याला यूएसबी. तो सेक्टर (डेटाचे ठरलेले तुकडे) न मागता चुंबकीय बदलच नोंदवतो, म्हणून सव्वापाच इंचीही वाचता येते. पेन्टियम मात्र गेलं पाहिजे.

रामबागी
सव्वापाच इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, यूएसबी ५च देतं. ते कुठून?

जेलरोड_जुगाडू
जुन्या पीसीच्या एटीएक्स एसएमपीएसमधून (पॉवर सप्लाय). हिरवी तार काळीला जोडली की चालू होतो.

रामबागी
म्हणजे ड्राइव्ह ठेवायचा, पट्टी ठेवायची, एसएमपीएस ठेवायचा. मग भंगारवाल्याला काय, नुसता पत्रा द्यायचा?